अभंग चर्चमध्ये गेला, पेटी देवळात आली

(दीर्घ थ्रेड)

१/२६
१० जानेवारी २०२०. उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झाले. संमेलननगरीला नाव होते तेरच्या संत गोरोबाकाकांचे आणि अध्यक्षस्थानी होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. या पदावर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या निवडीवर आधीच्या काही महिन्यांत बरेच वादळ उठले होते. धर्मगुरूला मराठी साहित्याचे अध्यक्षपद कसे, असा आक्षेप जाहीरपणे घेतला गेला. निषेधाची पत्रे गेली, धमकीचे फोनही गेले.

२/२६
त्या वादात साहित्याची चर्चा पुष्कळ झाली, संगीताची मात्र फारशी झाली नाही. वास्तविक गोरोबाकाकांचे तेर आणि ख्रिस्ती उपासना यांच्यातील सर्वांत जुना, सर्वांत घट्ट धागा सापडतो तो गाण्यात. गावोगावच्या भजनात वाजणारी पेटी मूळची युरोपातली आणि चर्चमध्ये रुळलेली. मराठी चर्चमध्ये गायला जाणारा अभंग मूळचा वारकऱ्यांचा. ही देवाणघेवाण कशी झाली, कोणी घडवली आणि त्यासाठी कोणाला काय सोसावे लागले, याचा हा मागोवा.

३/२६
आरंभ तेरपासून. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीकाठी वसलेले हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी ‘तगर’ म्हणून प्रसिद्ध होते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आणि पुढे टॉलेमीच्या भूगोलात त्याचा उल्लेख येतो. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या पेठेतून कापड भडोच बंदराकडे जाई आणि तिथून समुद्रापार. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी नाते सांगते. दूरदेशीच्या वस्तू येणे आणि इथल्या वस्तू दूरदेशी जाणे या गावाला नवे नाही.

४/२६
तेराव्या-चौदाव्या शतकात याच तेरमध्ये गोरा कुंभार मडकी घडवीत होते. संतमेळ्यात वयाने वडील, म्हणून ते सर्वांचे ‘काका’. संतमंडळी त्यांच्या घरी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटण्याने प्रत्येकाचे डोके तपासले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. परंपरेने त्यांची समाधी शके १२३९ च्या, म्हणजे इ. स. १३१७ च्या, चैत्र वद्य त्रयोदशीची मानली जाते. त्यांच्या नावावर आज मोजकेच अभंग आढळतात.

५/२६
अभंगाची बांधणी समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. मोठ्या अभंगात चार चरण असतात: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. दुसऱ्या व तिसऱ्या चरणाला यमक. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. मोजणी अक्षरांची असते, मात्रांची नाही. त्यामुळे कोणते अक्षर लांबवायचे आणि कोणते आवरायचे, हे गाणाऱ्याच्या हाती राहते. एकच अभंग दहा चालींत बसू शकतो आणि एका चालीत शेकडो अभंग गाता येतात. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही तो पाठ होतो.

६/२६
हे गाणे मुळात समूहाचे आहे. दिंडीत विणेकरी मध्यभागी, दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा आणि जवळ मृदंग. एकाने चरण उचलायचा, बाकीच्यांनी तो झेलायचा आणि ध्रुपदावर सर्वांनी एकत्र यायचे. तुळजापूरच्या गोंधळात संबळ-तुणतुण्याच्या साथीने हेच घडते: मुख्य गोंधळ्याची ओळ साथीदार उचलून धरतात. श्रोता आणि गायक अशी भिंत इथे फार वेळ टिकत नाही. ध्रुपद आले की समोर बसलेलाही गाऊ लागतो.

७/२६
या रचनेचा सामाजिक अर्थ मोठा होता. गोरोबाकाकांचे समकालीन चोखामेळा पंढरीच्या देवळात पाऊल ठेवू शकत नव्हते. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. विठ्ठल मंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी उघडले ते साने गुरुजींच्या १९४७ मधील उपोषणानंतर. म्हणजे सहा शतके या माणसांना गाभारा बंद होता. अभंग मात्र त्यांच्या ओठी होता, एकतारी त्यांच्या हाती होती. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे चर्चच्या कथेत तिला निर्णायक महत्त्व आहे.

८/२६
आता युरोपकडे. तिथल्या चर्चनेही शतकानुशतके समूहगायन घडवले, पण वेगळ्या वाटेने. तिथे चार प्रकारचे आवाज, स्त्रियांचे उंच व मध्यम आणि पुरुषांचे उंच व खर्जातले, एकाच वेळी चार वेगवेगळ्या स्वरपंक्ती गातात आणि त्यांच्या मेळातून संगीत उभे राहते. रचनाकार प्रत्येक आवाजाची ओळ कागदावर लिहून देतो. सर्वांना आधार देतो तो ऑर्गन: भात्याने वारा भरून शेकडो नळ्यांतून स्वर काढणारे अवाढव्य वाद्य. हे सारे साधण्यासाठी स्वरलेखन वाचणारा प्रशिक्षित गायकवृंद हवा.

९/२६
हे संगीत पश्चिम किनाऱ्यावर प्रथम आले पोर्तुगीजांबरोबर. सोळाव्या शतकात गोव्यातील चर्चना जोडलेल्या शाळांतून मुलांना लॅटिन स्तोत्रे आणि स्वरलेखन शिकवले जाऊ लागले. गोव्याच्या संगीतपरंपरेचे एक मूळ या शाळांत आहे. पण लॅटिन स्तोत्र गाणाऱ्या मुलाच्या घरी, चुलीपाशी, जात्यावर ओवीच होती. ही दरी एका परदेशी माणसाच्या ध्यानात आली.

१०/२६
१५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे छापला गेला. नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांचे पुराणश्रवण सुटले, त्याची जागा घेईल असे काही त्यांच्या भाषेत हवे, ही त्यामागची दृष्टी. ओवी म्हणण्यासाठी असते. पुराणही तसेच म्हटले जाई. परंतु पुढच्या काळात पोर्तुगीज राजवटीने स्थानिक भाषेवर निर्बंध आणले आणि स्टीफन्सची वाट रुंद होऊ शकली नाही.

११/२६
दुसरा अध्याय सुरू झाला १८१३ मध्ये, अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले तेव्हा. १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला केंद्र उघडले. १८४२ मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागला. पुढे धाराशिवच्या शेजारच्या सोलापुरातही याच मिशनचे काम पोहोचले. धाराशिव त्या काळी निजामाच्या राज्यात. त्याच राज्यात जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. अशा रीतीने मराठी मुलखाच्या अंतर्भागात, जिथे शतकानुशतके अभंग घुमत होता, तिथे इंग्रजी स्तोत्रांची पुस्तके येऊन पोहोचली.

१२/२६
ही स्तोत्रे मराठीत भाषांतरित झाली, पण चाली इंग्रजीच राहिल्या. इथे एक अडचण उभी राहिली. इंग्रजी पद्य शब्दांतील आघातावर चालते. मराठी पद्य ऱ्हस्व-दीर्घाच्या वजनावर आणि अक्षरांच्या मोजणीवर. इंग्रजी चालीतला लांब स्वर मराठीच्या ऱ्हस्व अक्षरावर पडला की शब्दच बदलतो. ‘दिन’ लांबवला की ‘दीन’ होतो, ‘पिता’ लांबवला की ‘पीता’ होतो. अशा ओळी गाणाऱ्याला आपण काय गात आहोत हे कळण्याआधी जीभ सावरावी लागे.

१३/२६
आणि गाणारे होते कोण? अहमदनगर परिसरातील खेड्यांत ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग समाजातील माणसे बहुसंख्य होती. हलगी, सनई, एकतारी ही त्यांची पिढीजात वाद्ये. चोखोबांचे अभंग त्यांच्या घरचे. गावच्या प्रत्येक सणाला ज्यांच्या वाजवण्याशिवाय पान हलत नसे, ती माणसे चर्चमध्ये आली आणि बाकावर बसून, परक्या चालीत, अडखळत गाऊ लागली. मूर्तिपूजेशी जोडलेल्या चाली उपासनेत नकोत, असा एक मतप्रवाह मिशनऱ्यांत होता. देव बदलला, म्हणून गळाही बदलावा अशीच जणू ती अपेक्षा होती.

१४/२६
कोंडी फुटू लागली ती कीर्तनामुळे. १८६० च्या दशकात अहमदनगरमध्ये कृष्णराव रत्नाजी सांगळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पूर्वरंग-उत्तररंगाची तीच मांडणी, तेच टाळ-मृदंग, साकी-दिंडीसारखी तीच वृत्ते. आख्यान मात्र बायबलमधले. लोक तासन्‌तास बसून ऐकत. सांगळे यांची गीते मराठी चर्चमध्ये रुजली. मात्र कीर्तन हा चर्चबाहेरचा, प्रचाराचा कार्यक्रम मानला जाई. रविवारच्या उपासनेच्या गाभ्यात देशी गाणे आणण्यासाठी मोठ्या कवीची गरज होती.

१५/२६
तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव, चित्पावन ब्राह्मण घराणे. नाशिकला शिक्षण, संस्कृतचा व्यासंग, तारुण्यात कीर्तने-पुराणे सांगण्याचा अनुभव. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्याकडे त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. १८९३ मध्ये राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला, आणि त्यांच्या आयुष्याचा ओघ वळला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१६/२६
या निर्णयाचा सर्वाधिक घाव बसला तो पत्नी लक्ष्मीबाईंवर. धर्मांतराची बातमी आली आणि संसार दुभंगला. पुढची काही वर्षे पती-पत्नी वेगळे राहिले. त्यांतला काही काळ लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात नातलगांकडे काढला. इकडे टिळक चर्चसाठी अभंग रचत होते, तिकडे लक्ष्मीबाई अभंगाच्या माहेरी अश्रू ढाळत होत्या. पुढे त्या टिळकांकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ही सारी कथा त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये ज्या निखळ, हसऱ्या मराठीत सांगितली, तिला आत्मचरित्रांत आजही तोड नाही.

१७/२६
अहमदनगरमध्ये टिळक मिशनच्या धर्मशिक्षण विद्यालयात शिकवीत, ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे काम पाहत. ‘वनवासी फूल’सारख्या कवितेने ते मराठी साहित्यात मान्यता पावले, बालकवी ठोंबरे यांना त्यांच्या घराचा आसरा मिळाला. पण त्यांच्या लेखणीचा सर्वांत मोठा ओघ उपासनागीतांकडे वळला. मराठी चर्चच्या स्तोत्रसंग्रहात त्यांची दोनशेहून अधिक गीते गेली. एका संग्रहात एका कवीचा एवढा मोठा वाटा असणे जगभरच्या चर्चमध्ये विरळाच.

१८/२६
टिळक संगीतकार होते का? पाश्चात्त्य अर्थाने नव्हे. चार आवाजांच्या ओळी त्यांनी लिहिल्या नाहीत. पण अभंगाच्या परंपरेत शब्द रचणारा चालीचा सांगाडाही रचत असतो. अक्षरसंख्या, यमक, ध्रुपदाची जागा ठरली की टाळ कुठे पडणार हेही ठरते. टिळकांनी अभंग, ओवी, भजन आणि पद हे आकार घेतले. म्हणून त्यांचे गीत खेड्यातील मंडळीला पहिल्याच दिवशी गाता आले. ‘दिन’ ‘दिन’च राहिला, ‘पिता’ ‘पिता’च राहिला.

१९/२६
आकाराबरोबर भावही आला. वारकरी विठ्ठलाला ‘माउली’ म्हणतो. टिळकांनी ख्रिस्ताला माय आणि गुरू म्हणून हाक मारली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा आशयाचे त्यांचे सांगणे प्रसिद्ध आहे. याचे दुहेरी मोल त्यांना द्यावे लागले. जुन्या समाजाच्या दृष्टीने ते बाटलेले; नव्या वर्तुळातील काहींच्या दृष्टीने पुरते न बदललेले. तुकाराम सोडून ख्रिस्ती होणे त्यांना शक्य नव्हते, आणि तशी गरज आहे असे त्यांना वाटतही नव्हते.

२०/२६
१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ आरंभला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे भक्त तिथे एकत्र यावेत, ही कल्पना. ती पुरती आकाराला येण्याआधीच ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभीच्या काही अध्यायांवर थांबले होते. फारसे औपचारिक शिक्षण न झालेल्या लक्ष्मीबाईंनी उरलेले साठहून अधिक अध्याय रचून ते तडीस नेले. पंढरपुरात एकट्या राहिलेल्या त्याच लक्ष्मीबाई.

२१/२६
ही झाली अभंगाची चर्चपर्यंतची वाट. आता उलट दिशेचा प्रवास. नळ्यांचा मोठा ऑर्गन गावोगावी नेणे अशक्य, म्हणून एकोणिसाव्या शतकात युरोपात पितळी पट्ट्यांतून वारा सोडून स्वर काढणारे लहान वाद्य विकसित झाले. पॅरिसच्या अलेक्झांडर देबँ यांनी १८४० च्या सुमारास त्याचे एक रूप सिद्ध करून ‘हार्मोनियम’ हे नाव दिले. गरीब चर्चचा हा ऑर्गन मिशनऱ्यांच्या सामानातून भारतात आला. उष्ण-दमट हवेतही तो सहसा बेसूर होत नसे आणि बैलगाडीतूनही नेता येई.

२२/२६
पायाने भाता चालवायचा तर खुर्चीवर बसावे लागे. आपल्याकडे गाणे बैठकीचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता ओढायची सुटसुटीत पेटी रूढ केली आणि हे वाद्य मांडी घालून बसले. महाराष्ट्रात पायपेटी आणि ऑर्गन संगीत नाटकाने उचलले. हातपेटी गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांमुळे मैफलीत प्रतिष्ठित झाली. तिथून ती भजनी मंडळात उतरली. वीस-पंचवीस जणांच्या गजरातही ऐकू येईल असा पक्का स्वर, कमी देखभाल आणि कानाने शिकता येणारी पद्धत. खेड्याला आणखी काय हवे?

२३/२६
या प्रवासाची सर्वांत बोलकी खूण भाषेत आहे. आज तेर, तुळजापूर किंवा परंड्याच्या भजनात गायकाला त्याचा स्वर विचारला तर उत्तर येते: ‘काळी दोन’, ‘पांढरी चार’. हे आकडे पेटीच्या पट्ट्यांचे, म्हणजे युरोपीय ऑर्गनच्या पट्ट्यांचे. चर्चचा उंबरा कधीही न ओलांडलेला भजनी बुवा आपल्या गळ्याचे माप चर्चच्या वाद्यावर सांगतो, आणि ते अस्सल देशी मराठी वाटते. उसने घेतलेले इतके आपले झाले, की त्याचे मूळ विचारण्याचे कारणच उरले नाही.

२४/२६
पेटीलाही विरोध झाला, आणि त्यातील सर्वांत धारदार टीका करणारा स्वतः पवित्र समूहगायनाचा रचनाकार होता. जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराचे महायुद्धातील मृतांसाठीचे ‘अ वर्ल्ड रेक्विएम’ १९२३ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हजाराहून अधिक गायक-वादकांनी सादर केले. पुढे ते भारतात आले, दिल्ली आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळू लागले. १९३८ मध्ये त्यांनी हार्मोनियमच्या नावातील ‘हार्म’, म्हणजे अपाय, यावर कोटी करणारा लेख लिहिला: ठरावीक पट्ट्यांच्या वाद्यातून मींड निघत नाही, श्रुतींचा बळी जातो.

२५/२६
१ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी केली. ती सैल झाली थेट १९७१ नंतर. टीका शास्त्रदृष्ट्या निराधार नव्हती. पेटीतून मींड खरोखरच निघत नाही. पण त्या तीस वर्षांत खेड्यांतील भजन थांबले नाही. तिकडे व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६३ मध्ये कॅथलिक उपासनेत लोकभाषेला आणि लोकसंगीताला वाव दिला. गोव्यात वास्को द रेगो यांच्यासारख्या जेझुइटांनी कोंकणी स्तोत्रे रचली. प्रोटेस्टंट टिळकांनी अर्धशतकापूर्वी जे केले होते, त्याच्या जवळचे पाऊल आता रोमच्या अधिकृत संमतीने पडत होते.

२६/२६
आता पुन्हा जानेवारी २०२० कडे पाहावे. संमेलननगरीवर ज्या कुंभाराचे नाव होते, त्याच्या पिढीने घडवलेला अभंग शंभर वर्षांहून अधिक काळ मराठी चर्चमध्ये गायला जात आहे. चर्चमध्ये रुळलेली पेटी तितकाच काळ देवळातल्या भजनाला स्वर देत आहे. अध्यक्ष परके की आपले, हा वाद रंगला त्या जिल्ह्यातील गावागावांत त्या संध्याकाळीही कोणीतरी पेटीचा भाता ओढला असेल, ‘काळी दोन’ धरली असेल आणि अभंग उचलला असेल. फादर दिब्रिटो जुलै २०२४ मध्ये निवर्तले. गोरोबाकाका मडके थापटून पाहत, ते कोणाच्या आव्यातले आहे हे विचारत नसत; ते भाजले आहे की कच्चे, एवढेच पाहत.

(समाप्त)